साहेबांचा रंग उडाला

बुधवारी सकाळी दात घासता घासता शेडमास्तर दिवाणखान्यात आले, माशाच्या टाकीसमोर थांबले, आणि तोंडातला फेस तोंडातच राहिला. टाकीत एकच मासा होता. रविवारी तो घरात आला तेव्हा निळाशार होता. आता तो राखेच्या रंगाचा झाला होता.

"अगं, जरा बाहेर ये," ते भरल्या तोंडानेच म्हणाले.

बायको ओले हात पुसत आली. तिने माशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "आधी चूळ भरून या. मेलेला नाही तो. हलतोय."

"रंग बघ त्याचा."

"रंग तुम्ही बघा. तुमचं काम आहे ते."

ते खरोखरच त्यांचं काम होतं. गेली सव्वीस वर्षं ते एका रंगाच्या दुकानात रंग जुळवत होते. लोक फुटलेल्या फरशीचा तुकडा आणत, जुन्या पडद्याची चिंधी आणत, एका बाईंनी तर वाळलेलं पान आणलं होतं. शेडमास्तर ते खिडकीपाशी नेत, डोळे बारीक करून बघत आणि डब्यात थेंब थेंब रंग टाकून हुबेहूब तीच छटा काढून देत. हल्ली दुकानात रंग मिसळायचं यंत्र आलं होतं, पण मालक अजूनही म्हणे, यंत्राचं झालं की एकदा मास्तरांना दाखवा. त्यामुळे माशाकडे बघून "करडा झाला" एवढंच म्हणून भागण्यासारखं नव्हतं. ओलं सिमेंट, त्यात चिमूटभर काजळी, असा तो रंग होता, आणि रविवारच्या निळ्याशी त्याचं कुठूनही नातं लागत नव्हतं.

मासा त्यांचा असता तर त्यांनी चूळ भरून चहा घेतला असता. पण मासा ताईचा होता.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच ह्यांना वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, आणि ह्या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं तिने मुद्रितं तपासली. तिच्या नजरेतून अनुस्वार निसटत नसे, आणि धाकट्या भावाची थाप तर मुळीच निसटत नसे. निवृत्त झाल्यावर तिने एक मासा आणला आणि त्याचं नाव 'साहेब' ठेवलं, कारण तो कोपऱ्यात तरंगत, येणाऱ्याकडे 'ही काय यायची वेळ झाली?' अशा नजरेने बघायचा. ताई त्याच्याविषयी आदरार्थी बोलायची. साहेब जेवले. साहेब आज नाराज आहेत.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मोठ्या शहरात भाचीकडे राहून एका आठवड्याच्या अंतराने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. म्हणजे पंधरा दिवस. साहेबांना तेवढे दिवस भावाकडे सोडलं होतं आणि सोबत सूचनांची वही दिली होती. चार पानं. दिसत नसल्यामुळे ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तरी समासात शुद्धिपत्र होतं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या होत्या. "साहेबांना काहीही झाल्यास लपवू नये."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला.

"साहेब जेवले?"

"जेवले."

"आणि रंग? रंग कसा आहे त्यांचा?"

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. भाचीने आधीच बजावून ठेवलं होतं की मामा, मावशीचं ब्लडप्रेशर चढलं म्हणून मागच्या वेळी डॉक्टरांनी टेबलावरून उठवून घरी पाठवलं होतं, तेव्हा तिला काहीही काळजीचं सांगू नकोस.

"निळाशार," शेडमास्तर म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "झालं. आता करा त्याला निळा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार चार टाक्यांच्या मधोमध एका स्टुलावर बसलेला होता. त्याने फोनमधला फोटो पाहिला आणि परत दिला.

"घाबरलंय ते. जागा बदलली ना? हे सिक्लिड असतात, आफ्रिकेतल्या तळ्यातले. ह्यांचा रंग अंगाचा नसतो, मनाचा असतो. मन खट्टू झालं की रंग गेला."

"परत कधी येतो?"

"येतो की. चार दिवसांत येतो. नाहीतर महिन्याने येतो." त्याने थोडा विचार केला. "नाहीतर नाही येत."

हे ऐकून शेडमास्तरांनी चार दिवस थांबायचं ठरवलं. ते थांबलेही असते. पण ताईचा पहिला डोळा उत्तम पार पडला आणि शनिवारी भाचीचा फोन आला. "मामा, साहेबांचा एक फोटो पाठव ना. मावशी सकाळपासून मागे लागलीय. तिला अजून नीट दिसायचं नाही, पण मी बघून तिला वर्णन करून सांगेन."

"प्रकाश बरा नाहीये गं आज."

"मग उद्या पाठव. पण पाठव. ती म्हणतेय, हा फोटो का देत नाही ते मला माहीत आहे."

तिला काय माहीत होतं हे विचारायची शेडमास्तरांची छाती झाली नाही. ते रविवारी दुकान उघडायच्या आधी दारात उभे होते, आणि त्यांच्या काखेत रंगाच्या दुकानातलं, छटांच्या चौकोनांचं शेडकार्ड होतं. साहेब घरात आले त्या दिवशी सवयीने त्यांनी कार्ड काचेला लावून रंग जुळवला होता. नव्वदाव्या पानावरचा तिसरा चौकोन. आता ते एकेका टाकीपुढे तो चौकोन धरून फिरू लागले. दुकानदार स्टुलावरून बघत राहिला. मासे बघायला लोक मुलं घेऊन येत, भिंग घेऊन येत. कार्ड घेऊन आलेला हा पहिलाच.

"हा," शेवटी शेडमास्तर म्हणाले. "अगदी हाच. हा निळा पीकॉकच ना? ताईच्या माशाची जात तीच आहे."

"निळा आहे ना? मग निळा पीकॉक."

"आणि नर?"

"एवढा रंग नराशिवाय कुणाला असणार?"

घरी आल्यावर प्रश्न पडला की ह्याला ठेवायचं कुठे. टाकी एकच होती. फोटोपुरता पाच मिनिटं सोडू आणि मग बघू, असं ठरलं. नवा मासा टाकीत उतरला, त्याने एक फेरी मारली, आणि ही सगळी मिळकत आपल्या वाडवडिलांची आहे अशा थाटात तो मधोमध येऊन उभा राहिला. साहेब दगडामागे सरकले. शेडमास्तरांनी घाईघाईने फोटो काढला, साहेबांची राखाडी शेपटी कडेने कापली आणि पाठवून दिला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "मावशीला सांगितलं, निळे आहेत, समोर बघताहेत. ती म्हणते, साहेब कधी कुणाच्या समोर बघत नाहीत. आज कसे काय?"

शेडमास्तरांनी फोन उशीखाली ठेवला.

पाच मिनिटांचा पाहुणा तिथेच राहिला, कारण त्याला बाहेर काढायला कुणाला जमेना. जाळी आत गेली की तो दगडात शिरायचा आणि साहेबच जाळीत यायचे. पुढचे दोन दिवस त्याने साहेबांचा पिच्छा पुरवला. त्यांच्यापुढे जाऊन अंग थरथरवायचं, गोल गोल फिरायचं, पुन्हा थरथरवायचं. शेडमास्तर कामावरून येऊन खुर्ची ओढून टाकीसमोर बसत. साहेबांचा उरलासुरला रंगही उतरला होता. अंगावर फिकट आडवे-उभे पट्टे तेवढे दिसत होते, जुन्या फळ्यावर खडू पुसल्यासारखे.

आणि मग साहेबांनी जेवण सोडलं.

आधी वाटलं, रुसले असतील. पण दुसऱ्या दिवशीही दाणे तसेच बुडाशी गेले. तिसऱ्या दिवशी शेडमास्तरांना दिसलं की त्यांच्या हनुवटीखाली सूज आलीय आणि तोंड घट्ट मिटलेलं आहे. दुकानदाराला फोन केला. "घसा धरला असेल. मीठ टाका," तो म्हणाला. मीठ टाकलं. पाहुण्याला मीठ मानवलं, तो आणखी निळा झाला. साहेब तसेच.

त्या दिवशी ताईचा दुसरा डोळा झाला. संध्याकाळी तिचा आवाज प्रसन्न होता.

"साहेब जेवले?"

"जेवले."

"काय जेवले?"

ह्या प्रश्नाची तयारी नव्हती. "तेच," शेडमास्तर म्हणाले. "नेहमीचं."

फोन ठेवून ते खिडकीत जाऊन उभे राहिले. बायकोने ताट वाढलं होतं, ते निवून गेलं. "जेवा," ती म्हणाली. "त्याने सोडलं म्हणून तुम्हीही सोडायचं का?"

"तिने मला आयुष्यात एकच गोष्ट सांभाळायला दिली गं. चाळीस वर्षं ती मला सांभाळत होती, आणि मला पंधरा दिवस एक मासा सांभाळता येईना."

बायकोने ताट झाकून ठेवलं.

शेवटी दुकानदारानेच एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता दिला. त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि आता ते घरोघरीच्या टाक्यांमधल्या माशांची नावं चुकीची आहेत हे सिद्ध करत हिंडत. ते आले ते भिंग, बॅटरी आणि वही घेऊनच. चहा पुढे केला तर म्हणाले, आधी ओळख, मग चहा.

"हा कोण?" त्यांनी दगडामागे बॅटरी मारली.

"हे साहेब."

"मी प्रजात विचारतोय."

"निळा पीकॉक. म्हणजे, होते. ताईला तसंच सांगितलं होतं दुकानात."

"दुकानात." प्राध्यापकांनी तो शब्द चिमटीत धरल्यासारखा उच्चारला. "दुकानदार रंगावरून नाव ठेवतो. निळा दिसला, निळा पीकॉक. पिवळा दिसला, पिवळा पीकॉक. उद्या दोघेही घाबरून राखाडी झाले की त्याच्याकडे नावच उरत नाही."

"मग ओळखायचं कशावरून?"

"दातांवरून. डोक्याच्या ठेवणीवरून. पट्टे किती, परांना काटे किती, कुठल्या किनाऱ्यावरून आणला त्यावरून. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटचा. अहो, रंग म्हणजे माशाची ओळख नव्हे. रंग म्हणजे त्याचा त्या दिवसाचा मूड."

सव्वीस वर्षं आपण ज्या खुर्चीवर बसलो ती खुर्ची कुणीतरी अलगद काढून घेतल्यासारखं शेडमास्तरांना वाटलं.

पाऊण तास प्राध्यापक टाकीसमोर गुडघ्यांवर बसून होते. वहीत लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. मग उठले आणि गुडघे चोळत म्हणाले, "हा निळा आहे तो नर. प्रजात सांगता येणार नाही. ह्याच्या घराण्यात तीन-चार प्रजातींनी हातभार लावलाय, शुद्ध त्याच्यात काही नाही. आणि ही राखाडी, ही मादी."

"कोण मादी?"

"ही. आजारी नाहीये. तोंडात अंडी आहेत तिच्या. ही मंडळी अंडी तोंडात सांभाळतात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे अन्नाला शिवायची नाही ती."

शेडमास्तरांनी टाकीकडे पाहिलं. दगडामागून साहेब त्यांच्याकडे बघत होते, तोंड मिटून.

"पण ते साहेब आहेत," ते म्हणाले.

"असतील."

"दोन वर्षं निळे होते. मी स्वतः कार्ड लावून बघितलंय."

"एकटी राहिली असेल. डोक्यावर कुणी नाही, राज्य तिचंच. अशा वेळी काही माद्या नराचा रंग चढवतात. जागा बदलली, घाबरली, रंग उतरला. नर आला, मग तो परत चढवायचं कारणच उरलं नाही." प्राध्यापकांनी वही मिटली. "आता दोन गोष्टी करा. तिला वेगळं ठेवा, नाहीतर हा तिला छळेल आणि ती अंडी थुंकून टाकेल. आणि पिल्लं झाली की ती कुणालाही देऊ नका. आधीच जगात नाव चुकलेले मासे कमी नाहीत."

ते गेल्यावर नवरा-बायको समोरासमोर बसले. चहा दोघांच्याही पुढ्यात तसाच होता. प्राध्यापकांनीही शेवटी तो घेतला नव्हता.

"ताईला काय सांगायचं?" शेडमास्तर म्हणाले. "रंग गेला हे सांगायचं, की दुसरा आणला हे? दुसऱ्याचा फोटो पाठवला हे? की साहेब बाई आहेत हे?"

"आधी बाळंतपणाचं सांगा," बायको म्हणाली. "बाकीचं त्या आपणच काढतील."

दुसरी टाकी नव्हती, म्हणून बाथरूममधल्या मोठ्या बादलीत टाकीतलंच पाणी भरलं, हवेची नळी सोडली आणि साहेबांना त्यात ठेवलं. ह्या वेळीही ते मुकाट जाळीत आले. घरातली माणसं बादलीला वळसा घालून आंघोळ करू लागली. शेडमास्तरांनी मनाशी एक हिशेब मांडला होता. ताई मंगळवारी येणार. तोवर निळ्यालाच साहेब म्हणायचं. ती त्याला घेऊन घरी जाईल. खऱ्या साहेबांची इथे सुटका झाली, पोटात अन्न गेलं, रंग परतला, की एखाद्या दुपारी गुपचूप अदलाबदल करायची. हिशेबात कुठे चूक आहे ते त्यांना कळत होतं. ती चूक म्हणजे ताई.

ती रविवारीच आली.

बेल वाजली, शेडमास्तरांनी दार उघडलं, आणि दारात काळा चष्मा लावून ताई उभी. मागे भाचीच्या ओळखीचा गाडीवाला बॅग उतरवत होता. "डॉक्टर म्हणाले, इतकं छान झालंय की दोन दिवस आधी गेलात तरी चालेल," ती म्हणाली. आत आली, चष्मा काढला आणि भावाकडे नीट पाहिलं.

"तू एवढा म्हातारा कधी झालास रे?"

"बसा ना वन्सं," बायको आतून म्हणाली.

"बसते. आधी साहेबांना बघू दे."

ती टाकीसमोर गेली. निळा मासा तीरासारखा काचेपाशी आला आणि तोंड उघडझाप करत लाडीगोडी करू लागला. ताईने एक बोट काचेला लावलं. तो बोटामागे इकडून तिकडे धावला. ताईने बोट काढून घेतलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "जांभळट छटा आहे नाही ह्याच्यावर?"

"निळा आहे, ताई," शेडमास्तर हळुवारपणे म्हणाले. नव्या डोळ्यांना अजून सवय व्हायची होती.

"असेल. पण हे साहेब नव्हेत."

तरी शेवटचा प्रयत्न म्हणून शेडमास्तर म्हणाले, "रंग तोच आहे की."

"रंगाचं मला काय सांगतोस? मी बोट लावलं की साहेब हळूच पाठ फिरवतात. दोन वर्षांत त्यांनी माझ्यापुढे एकदाही तोंड वेंगाडलेलं नाही. हा तर भीक मागतोय." ती वळली. "साहेब कुठे आहेत?"

उत्तराची वाट न बघता ती हात धुवायला म्हणून बाथरूमकडे गेली. शेडमास्तर मागून दोन पावलं गेले आणि थांबले. आतून बादलीची कडी वाजली.

ते दारात गेले तेव्हा ताई पाटावर बसली होती. तिने पाण्यात बोट बुडवलं होतं, आणि बादलीतल्या साहेबांनी सावकाश तिच्याकडे पाठ फिरवली होती.

"हे साहेब," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि त्यामुळेच शेडमास्तर अधिक घाबरले. "अगदी सोडून गेले होते तसेच आहेत. तसेच राखाडी."

"राखाडी?"

"मला ते कायम राखाडीच दिसायचे. सगळे म्हणायचे, ताई, काय निळा मासा आहे तुमचा. मी हो म्हणायचे. म्हटलं, आपले डोळे अधू, असेल निळा. डॉक्टरही म्हणाले, पडदा गेला की रंग खरे दिसतील. म्हणून तर तुला रोज विचारत होते ना, रंग कसा आहे म्हणून. म्हटलं, एकदा बघू तरी आपले साहेब निळे कसे दिसतात." ती थांबली. "दोन्ही डोळे कापून घेतले रे. आणि अजून राखाडीच दिसताहेत. काही फरक नाही पडला."

चाळीस वर्षांत शेडमास्तरांनी ताईच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. ते आता नव्या डोळ्यांत आलं होतं, आणि डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही असं सांगितलं होतं. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बुधवारची सकाळ, शेडकार्ड, कापलेला फोटो, मीठ, प्राध्यापक, तोंडातली अंडी. एकही गोष्ट गाळली नाही. ताई मुद्रित ऐकावं तशी मान किंचित कलती करून ऐकत होती.

"म्हणजे तुझं म्हणणं, साहेब आत्ता खरोखरच राखाडी आहेत."

"हो ताई. तुझे डोळे ठीक आहेत."

"आणि त्यांना पिल्लं व्हायची आहेत."

"हो."

"बाळ, मला बरं वाटावं म्हणून एवढी मोठी गोष्ट रचायची गरज नव्हती."

"अगं खरं सांगतोय."

"पंधरा दिवस रोज म्हणत होतास, निळाशार. आज म्हणतोस, राखाडी. मी कोणतं खरं धरू?" तिने डोळे टिपले आणि उठून उभी राहिली. "थांब. साहेब राहू देत बाजूला. जे बदलत नाही असं काहीतरी दाखव. तुझी ही बाहेरची भिंत. कोणत्या रंगाची आहे?"

शेडमास्तरांना एकदम हायसं वाटलं. शेवटी प्रश्न त्यांच्या हद्दीत आला होता. दिवाणखान्याची ती भिंत त्यांनी वर्षापूर्वी स्वतः रंगवली होती. यंत्राला हात न लावता, तीन संध्याकाळी डब्याशी बसून, पांढऱ्यात पिवळ्याचा एकेक थेंब टाकत. ह्या कामात लोक पिवळा जास्त घालतात. ते मात्र दोनच थेंबांवर थांबले होते, कारण त्यांना हवी ती छटा तेवढ्यातच साधली होती.

"हस्तिदंती," ते म्हणाले.

ताई बाहेर येऊन भिंतीजवळ गेली. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. "मला निळसर पांढरी दिसतेय."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. थंडगार निळसर. दवाखान्यात असते तशी."

शेडमास्तरांचा चेहरा उतरला. म्हणजे मघाशी ती निळ्याला जांभळट म्हणाली तेही तसंच. ऑपरेशन फसलं होतं. राखाडी तिला नेमका राखाडी दिसला तो केवळ योगायोग. त्यांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "घाबरू नको. आपण आत्ताच डॉक्टरांना फोन करू. पण आधी तुझी खात्री पटू दे, नाहीतर म्हणशील, मी पुन्हा थाप मारतोय." त्यांनी बायकोला हाक मारली. ती कपबशी पुसत बाहेर आली.

"हिला सांग, ही भिंत कोणत्या रंगाची आहे."

बायको कपबशी पुसत राहिली. बशी केव्हाच कोरडी झाली होती.

"सांग ना. लाजतेस काय?"

"निळसर," बायको म्हणाली.

ताई खुर्चीत सावकाश मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदाच समाधान आलं, आणि मग भावाकडे लक्ष गेल्यावर ते तिने घाईने आवरलं.

"कधीपासून?" शेडमास्तरांनी विचारलं.

"लावलात त्या दिवसापासून."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही शेडमास्तर," बायको म्हणाली. "मला वाटलं, ह्यालाच हस्तिदंती म्हणत असतील."

ताई उठली, भावाला हनुवटीला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं आणि तो लहान असताना डोळ्यात कचरा गेला की बघायची तसं त्याच्या एकेका डोळ्यात पाहिलं. मग पर्समधून डोळ्यांच्या डॉक्टरांचं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.

शेडमास्तर ते धरून भिंतीकडे बघत उभे राहिले. वर्षभरात हस्तिदंती रंग आपण कुणाकुणाला जुळवून दिला ते ते मनाशी आठवू लागले. डॉक्टरीणबाईंचं नवं घर. मालकाच्या मुलीची खोली. शाळेचं सभागृह, आतून बाहेरून. सातव्या घरापाशी त्यांनी आठवणं सोडून दिलं.